बोर्ड बदलला, विंडोज तेच ठेवलं : कराडच्या एका छापखान्याच्या मशिनचं प्रकरण

२०२४चा नोव्हेंबर लागला तेव्हा कराडच्या या छापखान्यात दोन हंगाम एकावर एक येऊन आदळले होते. विधानसभेचं मतदान २० तारखेला, म्हणून हँडबिलांचा धडाका. आणि तुळशीचं लग्न तोंडावर, म्हणून पत्रिकांच्या ऑर्डरी. पुढच्या खोलीत ऑफसेट, मागच्या खोलीत डीटीपीचा, म्हणजे पानं मांडायचा, एकमेव संगणक. दुपारी लाइट गेली, आली, लगेच पुन्हा गेली, आणि त्यानंतर संगणक काही उठला नाही. पंखा फिरायचा, पुढचा दिवा लागायचा, डिस्प्ले मात्र नाही.

मशिन २०१३ साली असेंबल केलेलं. एच६१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), कोअर आय३-३२२० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम. मूळ हार्डडिस्क मंद पडल्यावर मध्ये कधीतरी कुणीतरी २४० जीबीच्या एसएसडीवर सगळं क्लोन करून दिलेलं. विंडोज ७ प्रोफेशनल बॉक्स पॅक घेतलेलं होतं, बिलासकट. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टची फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलैला संपायच्या आत त्याचं विंडोज १० करून घेतलेलं. या तपशिलांतल्या प्रत्येकाने पुढे कुठे ना कुठे घोडं अडवलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आत काय होतं? पानं मांडायचं पेजमेकर ७, चित्रकामाच्या कोरलड्रॉची एक जुनी आवृत्ती, डोंगलवर (यूएसबीच्या कांडीवर) चालणारं मराठी फाँटचं श्रीलिपी, हिशेबाचं टॅली, ए३ लेझर प्रिंटर, प्लेटसाठी पीडीएफ काढायची बसवलेली घडी, आणि गेल्या अकरा वर्षांत इकडून तिकडून जमलेले पाचशेच्या वर फाँट. पेजमेकरची सीडी कुणाला सापडत नव्हती. कोरलच्या सीडीचं कव्हर होतं, आत सीडी नव्हती.

मालकांची, म्हणजे काकांची, मागणी एका वाक्यात होती. "माझं पेजमेकर जसंच्या तसं पायजे, मशिन नवं असू दे न्हाईतर जुनं, त्याचं मला काय न्हाई."

आमच्या संगणक दुरुस्तीच्या धंद्यात अशा वेळी "काका, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी न्या" असं म्हणायची सवय आहे. कोरं विंडोज तासाभरात पडतंही. पण या मशिनमध्ये विंडोजची किंमत सर्वांत कमी होती. खरी किंमत होती ती त्याच्यावर बसवलेल्या घडीची: कुठल्या फाँटला कुठला कीबोर्ड, प्रिंटरच्या ट्रेची सेटिंग, पेजमेकरच्या कामात जोडलेल्या चित्रांचे पत्ते. हे सगळं परत बसवायला ऑपरेटर पोराला दोन हंगाम लागले असते, आणि हातात एक आठवडाही नव्हता.

बोर्डच गेला, हे ठरवताना

पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, कारण लाइटच्या झटक्यात बहुतेक वेळा तोच जातो. दुसरा लावून पाहिला, फरक नाही. सीमॉसचा सेल काढून ठेवला, रॅमच्या पट्ट्या पुसून एकेक करून दोन्ही स्लॉटमध्ये लावल्या. मग रॅम पूर्ण काढून फक्त स्पीकर जोडला. बोर्ड जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून तो ओरडतो. हा गप्प. प्रोसेसर दुकानातल्या दुसऱ्या एच६१ बोर्डात टाकला तर नीट चालला. एसएसडी यूएसबी केबलने जोडली तर फोल्डर सगळे दिसले. म्हणजे गेला तो बोर्ड, बाकी सगळं शाबूत.

इथेच या प्रकरणाची गोम आहे. बोर्ड बदलण्याबद्दल जी काही माहिती मिळते ती सगळी "जुना बोर्ड काढण्यापूर्वी" या शब्दांनी सुरू होते. जुन्या बोर्डावर विंडोज सुरू करा, लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा, टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर थांबवून ठेवा, पुढचं बूट सेफ मोडमध्ये लावा, मग बोर्ड काढा. सल्ला सोळा आणे खरा. पण बोर्ड बदलायची वेळ शंभरातल्या नव्वद जणांवर येते ती बोर्ड मेल्यावरच. मग ही तयारी बाहेरून, बंद पडलेल्या विंडोजच्या पोटात हात घालून करावी लागते. काही गोष्टी बाहेरून होतात, काही होत नाहीत. कुठल्या होतात आणि कुठल्या नाहीत, हाच या प्रकरणाचा विषय.

कुठला बोर्ड

सोपी वाट समोर होती. एच६१चे नवे बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तिथून माल उचलणाऱ्या आमच्याकडच्या दुकानांत तेव्हाही मिळत होते, दोन-अडीच हजारांत. चिपसेट तोच, प्रोसेसर तोच, रॅम तीच. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड जुन्यासारखा ठेवला की विंडोजला फारसं कळतही नाही की घर बदललं. फक्त घाई असती तर मीही तेच केलं असतं आणि त्यात कमीपणा मानला नसता.

पण मालकांची दुसरी तक्रार जुनीच होती: मोठ्या फ्लेक्सची फाइल कोरलमध्ये उघडली की चहा पिऊन यावं लागतं. शिवाय विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार, हे तेव्हाच जाहीर होतं. तिसऱ्या पिढीच्या आय३वर विंडोज ११ला अधिकृत दार बंद. बारा वर्षांच्या प्रोसेसरखाली अनोळखी कंपनीचा बोर्ड घालून दोन वर्षांनी पुन्हा याच खुर्चीत बसायचं, हे काकांनाच पटेना. शेवटी ठरलं: एच६१०चा डीडीआर४वाला बोर्ड, कोअर आय३-१२१००, ८ जीबी रॅम. सगळं मिळून वीस हजारांच्या आत-बाहेर.

आय३-१२१०० निवडण्याला एक कारण होतं. बाराव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत दोन जातीचे कोअर असतात, आणि त्यांच्यात कामाची वाटणी करायला विंडोज ११ जास्त चांगलं. या आय३मध्ये चारही कोअर एकाच जातीचे, त्यामुळे विंडोज १०ची काही अडचण नाही.

थेट बोर्डावर बसणारी एनव्हीएमई एसएसडी घ्यायचा मोह मात्र आवरला. बोर्डावर खाच होती, किमतीत फरक नव्हता. पण डिस्कची जातही त्याच वेळी बदलली तर विंडोज उठलं नाही तेव्हा दोष कुणाचा हे सांगता येणार नाही. जुन्यासारखीच साटा एसएसडी घेतली, ४८० जीबीची.

आधी नक्कल

मूळ एसएसडीवर एकही बाइट लिहायचा नाही, हा पहिला नियम. क्लोनझिला या नक्कल काढायच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवरून मशिन सुरू करून जुन्या एसएसडीची नवीवर नक्कल काढली. लाइट अचानक गेल्यामुळे पार्टिशनवर 'नीट बंद झालेलं नाही' अशी खूण होती, म्हणून फाइली ओळखत बसण्याऐवजी सेक्टर-न्-सेक्टर उचलायला सांगितलं. वेळ जास्त लागतो, शंका राहत नाही. डिस्कवरच्या चुका शोधणारी चेकडिस्क चालवली ती नकलेवर.

नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच विंडोजला एकत्र लावायच्या नाहीत. एमबीआर (डिस्कच्या तुकड्यांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) डिस्कला एक सही असते आणि नकलेची सही मूळ डिस्कसारखीच. विंडोजला दोन सारख्या सह्या चालत नाहीत, म्हणून ते एक डिस्क ऑफलाइन दाखवतं. तिथे उजवं बटण दाबून कुणी 'ऑनलाइन' केलं की विंडोज तिला नवी सही देऊन टाकतं. बूटच्या नोंदीत मात्र जुन्याच सहीचा पत्ता असतो, आणि चांगली नक्कल बूट व्हायची बंद होते. क्लोन बूट होत नाही म्हणून दुकानात येणाऱ्या मशिनमध्ये हा प्रकार मी पुष्कळदा पाहिलाय.

बत्तीस की चौसष्ट

नव्या बोर्डावर जायचं तर पहिला प्रश्न हाच. बारा वर्षांपूर्वी डीटीपीवाले हट्टाने ३२-बिट विंडोज टाकून घ्यायचे, कारण जुन्या प्रोग्रॅमांचे १६-बिट इन्स्टॉलर ६४-बिटवर चालतच नाहीत. हे मशिन ३२-बिट निघालं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. एच६१०सारखे बोर्ड फक्त ६४-बिट यूईएफआय, म्हणजे मशिन सुरू करायची नवी पद्धत, जाणतात. जुन्या पद्धतीचं बूट, म्हणजे सीएसएम, इंटेलच्या ५०० मालिकेपासून बोर्डावरच्या ग्राफिक्सवर मिळत नाही. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं, तेही बोर्डात सोय असेल तर.

मशिन मेलेलं असताना हे कसं ओळखायचं? एसएसडी केबलने जोडून सी ड्राइव्ह उघडली. 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या खाली दुसरा 'प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)' फोल्डर दिसला. हा दुसरा फोल्डर फक्त ६४-बिट विंडोजमध्ये असतो. पुढचं सगळं काम त्या एका फोल्डरवर टिकून होतं.

सेव्हन-बी कुठून येतो

बोर्ड बदलल्यावर निळा पडदा येतो आणि त्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहिलेलं असतं. विंडोज ७च्या काळात तिथे शेवटी ७बी हा आकडा यायचा, म्हणून दुकानदारांच्या बोलीत तो 'सेव्हन-बी'. लोकांना वाटतं डिस्क खराब झाली. डिस्क ठणठणीत असते.

होतं ते असं. बटण दाबल्यावर सुरुवातीला डिस्क वाचतो तो बोर्डाचा फर्मवेअर. विंडोजचं कर्नल मेमरीत येईपर्यंत काम त्याच्याच जिवावर चालतं. म्हणून लोगो दिसतो, गोल फिरणारे ठिपकेही दिसतात. मग विंडोज सूत्रं हातात घेतं आणि पुढची फाइल स्वतःच्या ड्रायव्हरने वाचायला जातं. त्या क्षणी साटा कंट्रोलरचा योग्य ड्रायव्हर बूटच्या यादीत नसेल तर ज्या डिस्कवरून ते आत्ताच उठलं तीच त्याला दिसेनाशी होते. ड्रायव्हर डिस्कवर असतो, डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो. तिथे गाडी अडते.

जुन्या बोर्डावर २०१३मध्ये साटाचा मोड 'आयडीई' (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) ठेवलेला होता. तेव्हा बऱ्याच बोर्डांची ती ठरलेली सेटिंग असायची आणि कुणी हात लावत नसे. नव्या बोर्डावर आयडीई नावाचा मोडच नाही, फक्त एएचसीआय, म्हणजे नवी पद्धत. म्हणजे या विंडोजने आयुष्यात एएचसीआयचा ड्रायव्हर कधी वापरलेला नव्हता.

विंडोज १० यात पूर्वीच्या विंडोजपेक्षा खूप समजूतदार आहे. एएचसीआयचा ड्रायव्हर त्याच्या पोटातच असतो, आणि दोन-तीनदा बूट फसलं की ते दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथून एकदा सेफ मोडमध्ये उठलं की पुष्कळदा आपली घडी आपणच बसवतं. पण पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे. आत उघडून बघता येत असताना देवावर भरवसा कशाला?

नवा बोर्ड, नवी एसएसडी आणि विंडोज १०चा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून मशिन सुरू केलं. भाषेचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, काळी खिडकी उघडते. इथे ड्राइव्हची अक्षरं भरवशाची नसतात. ज्याला आपण सी म्हणतो तो डी किंवा ई म्हणून बसलेला असतो. म्हणून आधी प्रत्येक ड्राइव्हमध्ये विंडोज नावाचा फोल्डर कुठे आहे ते बघून घेतलं. मग रेगएडिट, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही (रजिस्ट्री) दाखवणारा प्रोग्रॅम, उघडलं, 'एचकेएलएम'वर उभं राहून 'लोड हाइव्ह' (त्या वहीची फाइल जोडायची आज्ञा) केलं आणि झोपलेल्या विंडोजच्या सिस्टिम३२ खालच्या कॉन्फिग फोल्डरातली 'सिस्टिम' ही फाइल 'जुनं' या नावाने टांगली. आतल्या 'सिलेक्ट'मध्ये 'करंट'समोर १ होता, म्हणजे बघायचा तो 'कंट्रोलसेट००१'. त्यात सर्व्हिसेस, त्यात 'स्टोरएएचसीआय'.

तिथे 'स्टार्ट'समोर ० होता. ० म्हणजे बूटलाच उठ. बघणारा इथेच समाधान मानून रेगएडिट बंद करतो. पण स्टोरएएचसीआयच्या डाव्या बाजूला छोटा बाण होता. तो उघडला तर खाली 'स्टार्टओव्हरराइड' नावाची किल्ली, आणि तिच्यात '०' नावाच्या नोंदीसमोर ३ हा आकडा. ३ म्हणजे कुणी मागितलं तरच उठ. दार उघडं ठेवून वॉचमनला "कुणाला सोडू नको" सांगून ठेवावं तसा हा प्रकार. चालतं ते वॉचमनचंच. ३चा ० केला, हाइव्ह अनलोड केली. अनलोड केल्याशिवाय मशिन बंद करायचं नाही.

(काही नव्या बोर्डांत, आणि लॅपटॉपांत तर सर्रास, बायोसमध्ये व्हीएमडी ही डिस्कचा कारभार बघणारी इंटेलची सोय चालू असते आणि त्यामुळे डिस्कच दिसत नाही. आमच्या बोर्डावर ती आडवी आली नाही.)

सी, डी, ई

पुढचं काम एमबीआरचं जीपीटी (तुकड्यांच्या नोंदीची नवी पद्धत) करायचं, कारण यूईएफआयवर विंडोज एमबीआर डिस्कवरून उठत नाही. यासाठी 'एमबीआर२जीपीटी' हे हत्यार मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून आतच दिलंय. पेनड्राइव्हच्या त्याच काळ्या खिडकीतून ते चालतं, डेटा न पुसता. आधी 'व्हॅलिडेट' करून बघायचं, मग 'कन्व्हर्ट'.

व्हॅलिडेटने नकार दिला. कारण आपल्याकडची सर्वांत आवडती सवय: सी, डी, ई. एका डिस्कचे तीन तुकडे केल्याशिवाय आपल्याकडे मशिन पूर्ण झालंय असं कुणालाच वाटत नाही. सी प्रायमरी, आणि डी-ई एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल म्हणून. हे हत्यार फार तर तीन प्रायमरी पार्टिशन चालवून घेतं. एक्स्टेंडेड-लॉजिकल त्याला अजिबात चालत नाही.

मूळ एसएसडी जशीच्या तशी बाजूला होती, म्हणून धीर होता. नकलेवरची डी आणि ई उडवली, रिकामं एक्स्टेंडेडही काढलं. पुन्हा व्हॅलिडेट: पास. कन्व्हर्ट केलं, मिनिटभरात झालं. शेवटी एक ओळ आली, की रिकव्हरीची नोंद नवी करता आली नाही, तेवढी हाताने बंद-चालू करा. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. विंडोज उठल्यावर 'रीएजंटसी' या आज्ञेने आधी डिसेबल, मग एनेबल केलं की मिटतं.

डी आणि ई नंतर नव्याने बनवून मूळ एसएसडीवरून केबलने डेटा परत ओतला. आता एकीकडे जीपीटी, दुसरीकडे एमबीआर, त्यामुळे सहीचं भांडण उरलं नव्हतं. अक्षरं मात्र तीच द्यायची, हे काटेकोर पाळलं. पेजमेकर जोडलेल्या चित्राचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतं. डीची एफ झाली असती तर हजारो पत्रिकांमधला प्रत्येक गणपती हरवला असता, आणि पेजमेकरने फाइल उघडताना "गणपती कुठाय" म्हणून दर वेळी विचारलं असतं. डीव्हीडी ड्राइव्हने मधल्या मध्ये डी पटकावली होती. तिला झेड देऊन शेवटच्या बाकावर पाठवलं.

पहिलं बूट आणि नंतरची साफसफाई

पेनड्राइव्ह काढून बटण दाबलं. लोगो, ठिपके, मग 'गेटिंग डिव्हायसेस रेडी' आणि टक्के. मध्ये एकदा पडदा काळा होऊन मशिन आपणहून रीस्टार्ट झालं. इथे लोक घाबरून बटण दाबून धरतात. तसं करायचं नाही, वाट बघायची. थोड्या वेळाने काकांच्या डेस्कटॉपवरचा सिद्धिविनायक आणि त्याच्यावर ओळीने मांडलेले आयकॉन, जसेच्या तसे.

ड्रायव्हरांचा भाग लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. चिपसेट, ग्राफिक्स आणि लॅनचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवले होते. लॅनचा तर ठेवावाच, कारण नेट नसेल तर बाकीचे उतरवणार कशावरून? जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' केलं की फिक्कट रंगात दिसतात. ते झोपलेले असतात, त्रास देत नाहीत. एकेक करून तीसेक नोंदी पुसत बसायची हौस मला नाही. काढावे लागतात ते जुन्या बोर्डासोबत आलेले प्रोग्रॅम: पंख्याचा वेग बघणारे, ओव्हरक्लॉक करणारे, 'स्मार्ट' लॅनवाले. ते नसलेल्या चिपशी बोलायला जातात आणि चार दिवसांनी निळा पडदा दाखवतात. असे दोन निघाले, दोन्ही काढले.

एक फिक्कट नोंद मात्र खरोखर नडली. ए३ प्रिंटर नेटवर्कवर होता आणि संगणकाला ठरावीक आयपी दिलेला होता. नव्या लॅनला तोच आयपी द्यायला गेलो तर विंडोज म्हणालं, हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे आणि ते कार्ड आता मशिनमध्ये नाही. म्हणजे जुना बोर्ड भंगारात गेला तरी त्याच्या लॅनने आयपीवरचा हक्क सोडला नव्हता. हिडनमधून तेवढं कार्ड अनइन्स्टॉल केलं, आयपी मोकळा झाला, प्रिंटर बोलू लागला.

प्रिंटर आधी, पेजमेकर नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला. पेजमेकर पान मांडतं तेच एखाद्या प्रिंटरसाठी. तो प्रिंटर सापडला नाही तर दुसऱ्यासाठी मांडू का विचारतं, आणि घाईत कुणी हो म्हटलं की ओळी सरकतात. चार ओळींच्या पत्रिकेत चालून जाईल, पण शाळेच्या निकालपत्रकाच्या कोष्टकात एक ओळ सरकली की पुढचं सगळं सरकतं. प्रिंटर जागेवर होता, त्यामुळे प्रश्न आलाच नाही. ऑपरेटर पोराने सर्वांत किचकट फाइल उघडली, प्रिंट काढली, जुन्या प्रिंटवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरली. ओळीला ओळ जुळली.

डोंगलचं श्रीलिपी डोंगल लावताक्षणी सुरू. गंमत आहे, इतकी वर्षं ही यूएसबीची कांडी हरवेल, मोडेल म्हणून सगळे तिला शिव्या द्यायचे. पण तिचं कुलूप कांडीत असतं, बोर्डात नाही. बोर्ड बदलण्यात सर्वांत कमी त्रास तिने दिला.

लायसन्स

आता जे टिकलं नाही त्याबद्दल.

टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे बिनलायसन्सच्या शिकाऊ रूपात, उघडलं. त्याचं लायसन्स मशिनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं, बोर्ड बदलला की ते ओळख देत नाही. डेटा सुरक्षित असतो, नुसतं लायसन्स परत चालू करावं लागतं. सिरियल नंबर बिलावर होता. पण कोड जाणार होता लायसन्सच्या अ‍ॅडमिन ईमेलवर, आणि तो ईमेल होता आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या अकाउंटंटचा. सबंध प्रकरणात सर्वांत जास्त फोन याच कामासाठी झाले. माणूस भला निघाला, त्याने कोड वाचून दाखवला.

विंडोजच्या बाबतीत तो भलेपणाही कामाचा नव्हता. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'तुमच्या उपकरणाचं हार्डवेअर बदललं आहे' असा संदेश आला. 'एसएलएमजीआर' या आज्ञेने तपासलं तर चॅनल रिटेल आणि किल्लीची शेवटची अक्षरं ३व्ही६६टी. ही अक्षरं विंडोज १० प्रोच्या सर्वसाधारण किल्लीची, जगभर सगळ्यांना सारखीच. त्याचा अर्थ हा की या मशिनला स्वतःची वेगळी किल्ली नव्हती. फुकट अपग्रेडच्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर या बोर्डाच्या नावाने डिजिटल लायसन्स नोंदलं गेलं होतं. बोर्ड गेला, नोंद निराधार झाली.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लायसन्स जोडलेलं असतं तर ट्रबलशूटरमध्ये 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून यादीतलं जुनं मशिन दाखवता आलं असतं. इथे लोकल अकाउंट होतं, आणि जोडणी विंडोज अ‍ॅक्टिव्ह असतानाच होते. मेलेल्या बोर्डावर ती बाहेरून करता येत नाही. रजिस्ट्रीसारखी इथे मागची खिडकी नाही. बॉक्सवरची विंडोज ७ची किल्ली एकेकाळी विंडोज १०ला चालायची. ती वाट मायक्रोसॉफ्टने २० सप्टेंबर २०२३ला बंद केल्याचं जाहीर केलं. टाकून पाहिली, घेतली नाही.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या मशिनना हा प्रश्न पडत नाही, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. तीनशे-चारशे रुपयांत व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या किल्ल्याही आहेत. त्या कुठून येतात ते विकणाराही सांगत नाही. ज्या माणसाने २०१३मध्ये बॉक्स पॅक विकत घेतलं त्याला मी ती वाट दाखवणार नव्हतो. मी काकांना सरळ सांगितलं: सगळं वाचलं, विंडोजचं लायसन्स वाचलं नाही. अ‍ॅक्टिव्ह नसलेलं विंडोज काम थांबवत नाही. कोपऱ्यात पुसट अक्षरं येतात, वॉलपेपर बदलता येत नाही. हंगाम निघू दे, लायसन्स नंतर घेऊ.

काका म्हणाले, "वॉलपेपर कशाला बदलायचाय? देव हाय की."

पावसाळ्यात छापखाना थंड असतो. तेव्हा विंडोज ११ प्रोचं रिटेल लायसन्स घेतलं. टीपीएम २.० ही विंडोज ११ मागतं ती सुरक्षेची सोय नव्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच आहे, डिस्क जीपीटी झालेलीच होती, त्यामुळे ११ला लागणाऱ्या अटी आपोआप पुऱ्या झाल्या होत्या. तरी अपग्रेड थेट कामाच्या डिस्कवर केलं नाही. आणखी एक क्लोन काढला, आधी त्यावर अपग्रेड केलं आणि ऑपरेटरला त्यावर काम करायला बसवलं. पेजमेकर, कोरल आणि प्रिंटर तिन्ही नीट चालतायत असं त्याने सांगितल्यावरच खरी डिस्क अपग्रेड केली. विंडोज आता छापखान्याच्या नावाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय. टॅलीचा अ‍ॅडमिन ईमेलही तोच केलाय, आणि अकाउंटंटला तसं फोन करून कळवलंय.